श्वानमुखे

पुण्याच्या पश्चिमेस बाणेर-बालेवाडीच्या बाजूला गेल्या काही वर्षांत जी उत्तुंग गृहसंकुले उभी राहिली, त्यांपैकी कोणत्याही एकाच्या फाटकाशी प्रातःकाळी उभे राहिले असता, एका हाती गळपट्ट्याची दोरी आणि दुसऱ्या हाती अनुचित प्रसंगाच्या निवारणार्थ जुन्या वर्तमानपत्राची घडी धारण केलेले, एरवी कोठल्याशा कंपनीत शेदोनशे माणसांवर हुकूम चालवणारे, परंतु त्या घटकेस सर्वस्वी एका चतुष्पादाच्या तैनातीत असलेले जे गृहस्थ दृष्टीस पडतात, ते या लेखाचे नायक होत. त्यांचे नाव दारावरच्या पाटीवर आणि विजेच्या बिलात असेलही. व्यवहारात ते 'ब्रूनोचे बाबा' आहेत. ब्रूनो हा लॅब्रडॉर जातीचा, रंगाने पिवळसर, अंगाने स्थूल आणि वृत्तीने उदासीन असा श्वान आहे.

बाबांचा स्वभाव विलक्षण संकोची. मनुष्याशी समोरासमोर बोलण्याची वेळ आली की त्यांची वाणी कुंठित होते. मध्ये ब्रूनो असला की तीच मोकळी होते. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तर ते तिला नमस्कार करीत नाहीत. 'ब्रूनो, काकूंना गुड मॉर्निंग कर,' असे म्हणतात, आणि ब्रूनो भिंतीकडे तोंड करून उभा असतानाच काकू 'गुड मॉर्निंग हं, ब्रूनो,' असे म्हणून व्यवहार पुरा करतात. घरातही हाच शिरस्ता. 'ब्रूनो, आईला विचार, आज पुन्हा दुधीच का?' ही दरखास्त आणि 'ब्रूनो, बाबांना सांग, उद्यापासून भाजी स्वतः आणा,' हा तिच्यावरील शेरा, ही दोन्ही त्याच मार्गाने जातात. आपला सारा कारभार या गृहस्थांनी ब्रूनोला वकीलपत्र देऊन त्याच्यावर सोपवला आहे, आणि मुखत्याराने आजवर तोंडातून शब्दही काढलेला नसल्यामुळे हिशेबात तफावत निघण्याचा संभव नाही.

स्वमुखाने बाबा एकदाच बोलले, ते सोसायटीच्या वार्षिक सभेत. कुत्र्यांना लिफ्टमध्ये मज्जाव करावा असा ठराव कोणी मांडताच ते थरथरत उठले, प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली, आणि महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला मागे सोडून इंद्राच्या रथात पाऊल टाकण्यास नकार दिला होता, याचे सभेस स्मरण करून दिले. आठव्या मजल्याला स्वर्गाची उपमा मिळाल्यामुळे तेथील रहिवासी प्रसन्न झाले व ठराव नामंजूर झाला.

अशा पुरुषाने कॉकटेल पार्टी द्यावी हे प्रथम आश्चर्याचे वाटेल. परंतु ज्यांच्याशी रोज सकाळी श्वानामार्फत बोलणे होते त्यांना घरी बोलवावे ही इच्छा, आणि बोलवावे कसे ही लज्जा, यांच्या कैचीत सापडलेल्या बाबांना ब्रूनोचा पाचवा वाढदिवस सापडला. निमंत्रणे अर्थात ब्रूनोच्या सहीने, म्हणजे पंजाच्या ठशाने गेली. 'येताना आपापल्या आईबाबांना सोबत आणावे,' अशी त्यांत पुस्ती होती.

पूर्वतयारीत एक कायदेशीर बाब उपस्थित झाली. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा असला तरी या राज्यात तो अद्याप जिवंत आहे आणि स्वतःच्या गच्चीवर पेला उचलणाऱ्यालाही परवाना आवश्यक आहे, ही गोष्ट सभ्य माणसे सहसा विसरलेली असतात. कुत्रा पाळण्यासही महानगरपालिकेचा परवाना लागतो, आणि त्यापूर्वी रेबीजच्या लशीचा दाखला. बाबांनी नियमाला धरून दोन्ही कागद मागवले, तेव्हा असे निष्पन्न झाले की कुत्र्यांचे दस्तऐवज मुदतीतले आणि चोख होते, मालकांपैकी मात्र जवळजवळ सर्वांनीच आजन्म बेकायदा मद्यपान केले होते.

खाद्यपदार्थांची तजवीज याहून बिकट ठरली. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान; माणसाच्या हातून एखादी कांदाभजी खाली पडण्याचा धोका विचारात घेऊन बाबांनी या वस्तू माणसांनाही वर्ज्य केल्या. परिणामी बिनमिठाचे उकडलेले चिकन, गाजराच्या कांड्या आणि साधे दही हाच चकणा द्विपाद व चतुष्पाद अशा उभय पंक्तींना वाढण्यात आला. द्राक्षांना बंदी असली तरी त्यांचा नाशिकहून आलेला, बाटलीबंद आणि वयात आलेला रस मात्र टेबलावर उंच जागी, पहाऱ्यात ठेवला होता.

पाहुणे आले. कुत्र्यांचा परिचय, नाकाने एकमेकांचे कुलवृत्तांत वाचून, दोन मिनिटांत आटोपला. माणसे मात्र हातात पेले घेऊन कठड्याच्या कडेने ओळीत उभी राहिली आणि आपापल्या कुत्र्याकडे पाहू लागली. सैबेरियात बर्फावरून गाडी ओढण्यासाठी जन्मलेल्या एका हस्कीने दिवाणखान्यातील वातानुकूलन यंत्राखालची जागा ताब्यात घेतली व अखेरपर्यंत सोडली नाही. मुधोळ जातीच्या एका कृश, लांबोड्या कुत्र्याचे धनी त्याची परंपरा घोरपड्यांच्या संस्थानापर्यंत नेऊन भिडवीत होते, आणि 2005 साली टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले तेव्हा चेहरा आमच्याच राजाच्या आज्याचा घेतला असला पाहिजे, असा दावा करीत होते. स्वतःच्या आज्याचे नाव त्यांना सांगता आले असते की नाही, याविषयी मी साशंक आहे.

प्रस्तुत लेखक श्वानहीन. माझी ओळख कशी करून द्यावी या विवंचनेत बाबा काही काळ घामाघूम झाले. अखेर फाटकापाशी वावरणाऱ्या बेवारशी काळ्या कुत्र्याला मी कधीमधी बिस्कीट टाकतो हे आठवून त्यांनी मला 'काळूचे काका' म्हणून जाहीर केले, आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या पेल्यानंतर त्या सायंकाळचा खरा प्रसंग घडला. बाबा आणि रॉकीचे बाबा यांच्यात वाहनतळाच्या जागेवरून जुना तंटा होता. लेखी अर्ज झाले होते, समक्ष शब्द एकही नव्हता. बाबांनी घसा साफ केला. 'ब्रूनो, काकांना सांग, गाडी वीतभर पुढे घेतली तर आपलं दार उघडेल.' रॉकीचे बाबा पेल्यातील बर्फाकडे पाहत म्हणाले, 'रॉकी, काकांना सांग, हे आधीच बोलला असता तर कधीच घेतली असती.' 'ब्रूनो, सांग, संकोच वाटला.' 'रॉकी, सांग, आम्हालाही.' उभय पक्षांचे वकील या वेळी टेबलाखाली एकमेकांच्या पोटावर डोके ठेवून घोरत होते. तडजोड बिनशर्त झाली, आणि दोघांनी आपापल्या निद्रिस्त कुत्र्याच्या पाठीवर कृतज्ञतेने हात फिरवला.

दहाच्या सुमारास मंडळी उठली. दाराशी बाबा माझ्यापुढे आले, काही क्षण घुटमळले, आणि अर्धवट झोपेतल्या ब्रूनोकडे पाहून म्हणाले, 'ब्रूनो, काकांना सांग, असंच येत जा म्हणावं.' काय बोलावे हे मला सुचेना. मी खाली वाकलो आणि म्हणालो, 'ब्रूनो, बाबांना सांग, चिकनला मीठ असतं तर आणखी घेतलं असतं.'