डाव्या पायाचे चोचले

ऐकलंत का मंडळी? अमेरिकेत म्हणे लोक गाडीतला धडधाकट ऑटोमॅटिक गियरबॉक्स उपटून काढतात आणि त्या जागी क्लचवाला बसवतात. मोडला म्हणून नव्हे, हौस म्हणून! आणि गाडी तरी कुठली? शेव्हरोलेटची जुनी सी-10 नाहीतर फोर्डची एफ-100. उभा जन्म गवत आणि पोती वाहण्यात घालवलेले हे पिकअप ट्रक. मिक्सर काढून पाटा-वरवंटा बसवायचा आणि वर गवंड्याला मिक्सरच्या चौपट पैसे द्यायचे, त्यातला प्रकार.

इंदूरच्या माणसाला हे पचावं कसं? संध्याकाळी राजवाड्यावरून सराफ्याकडे गाडी काढून बघा. पहिला, न्यूट्रल, पहिला, न्यूट्रल. गराडूच्या ठेल्यापर्यंत पोचताना भूक मेलेली असते, जिवंत असते ती फक्त डाव्या पोटरीतली कळ. आणि गियरपासून सुटका करणारी गाडी तर आपल्याच शेजारी तयार झाली! 1984 मध्ये फिरोदियांनी होंडाशी हातमिळवणी केली आणि पीथमपुरातून कायनेटिक होंडा बाहेर पडू लागली. बटण दाबा, मूठ पिळा, निघा. बजाजच्या स्कूटरवर क्लच दाबून मूठ फिरवताना मनगट धरलेल्या पिढीने तिला दुवा दिला. अमेरिकेतही 1953 साली एफ-100ला पहिल्यांदा फोर्डोमॅटिक मिळू लागला, तेव्हा लोकांनी त्यासाठी जास्तीचे डॉलर मोजले होते. आता नातवंडं तोच काढून टाकायला पैसे मोजतात. काय म्हणावं!

बरं, नुसता एक डबा काढून दुसरा ठेवला, असंही नाही. सी-10मध्ये बहुधा टर्बो-हायड्रामॅटिक 350 असतो, तीन गियरचा. तो उतरला की इंजिनामागची पातळ फ्लेक्सप्लेट जाते आणि जड फ्लायव्हील येतं. त्यावर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग ठोकायचं, तर काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या क्रँकला त्यापुरतं भोकच नीट पाडलेलं नसतं. बेल हाउसिंग इंजिनाशी एका रेषेत आहे की नाही, ते डायल लावून मोजायचं, फरक सहसा 0.005 इंचाच्या आत हवा. नाहीतर नवा कोरा गियरबॉक्स कुरकुरत लवकर झिजतो. मग क्रॉसमेंबर सरकवा, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदला, केबिनचा पत्रा कापून गियरच्या दांड्याला वाट करा, तिसरं पेडल लटकवा. एवढं करून चावी फिरवली की गाडी ढिम्म! कारण जुना न्यूट्रल सेफ्टी स्विच ऑटोमॅटिकबरोबर गेला, आणि त्याची वायर जोडायची राहिली.

विचारलं की उत्तर तयार असतं. जुन्या बॉक्सला ओव्हरड्राइव्ह नाही, हायवेवर इंजिन ओरडतं. ट्रेमेकचा टीकेएक्स बसवला की पाचवा गियर 0.68चाही मिळतो, इंजिन शांत. खरं आहे. पण ओव्हरड्राइव्हच हवा असेल तर जनरल मोटर्सचा 700आर4 हा चार गियरचा ऑटोमॅटिक 1982पासून आहेच की! तो बसवायला केबिनचा पत्रा कापावा लागत नाही, तिसरं पेडलही नको. म्हणजे कारण सगळं वरवरचं. यांना हाताला दांडा हवा असतो, एवढंच.

आता एक कानात सांगते. फार नाकं मुरडू नयेत, कारण हा शौक आपल्या गादीनेही केलेला आहे. माणिकबाग बांधणारे यशवंतराव होळकर दुसरे. 1930च्या दशकात त्यांनी अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करवली, नारिंगी आणि काळी. स्पीडस्टर ती, मागे रेलून मिरवायची नव्हेच. सुपरचार्ज केलेलं इंजिन 320 अश्वशक्तीचं, आणि गियर तीन, तेही हातानेच टाकायचे. दरबारात ड्रायव्हरांची काय वाण होती?

आपल्या पोरांना मात्र ही हौस करायला वावच नाही. इथल्या जुन्या विलीज, महिंद्रा, टाटामोबाइल सगळ्या जन्मापासून क्लचवाल्या. राहता राहिले नव्या ऑटोमॅटिक पिकअपवाले. त्यांतल्या कुणाच्या डोक्यात किडा वळवळलाच, तर देवास नाक्यावर मेकॅनिक शोधण्याआधी आरटीओत जाऊन विचारावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मालकाला गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.