श्रद्धेचा साखळदंड
छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवरून लो-बेडवर, म्हणजे कमी उंचीच्या सपाट ट्रेलरवर, निघालेल्या 20 टनी पोकलेनला जडत्वाचा नियम लागू होत नाही, असा वाहतूक व्यवसायात एक मतप्रवाह आहे. कन्नडच्या औट्रम घाटात 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आल्यामुळे तो उतारावर पडताळण्याची सोयही गेली. भौतिकशास्त्राचा हेका मात्र असा, की करकचून ब्रेक लागल्यास यंत्र पुढेच धावू पाहते, म्हणून वजनाच्या सुमारे 0.8 पट, अर्थात 16 टनांचा, जोर अडेल अशा बेताने बकेट पत्र्यावर टेकवून चारही कोपरे साखळ्यांनी आवळावेत. प्रत्यक्षात तारेने पक्के आवळलेले असते ते बंपरचे लिंबू-मिरची. यंत्राच्या वाट्याला एक गंजकी साखळी येते आणि उरलेला भार मागच्या दुचाकीस्वाराच्या नशिबावर विधिवत सोपवला जातो.