बंद करायचं बटण कुठे गेलं?

लिनक्स वापरणारा माणूस मुळात सोशीक. प्रिंटर ओळखला गेला नाही तर तो शांतपणे मॅन्युअल वाचेल, वाय-फाय रुसलं तर मुकाट्यानं केबल जोडेल. पण डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली आणि उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ मध्यभागी सरकलं, की या संताचा दुर्वास होतो. माझं म्हणणं असं, की हा राग बहुतेक वेळा रास्त असतो आणि तरीही अपग्रेड करावंच. गोम हिशेबात आहे. अपग्रेडचा त्रास पहिल्याच सकाळी एकरकमी रोख मोजावा लागतो. फायदा मात्र वर्षानुवर्षं, हप्त्याहप्त्यानं आणि न सांगता जमा होतो. रोख दिलेलं कोण विसरतो? आणि न मागता मिळालेलं कोण लिहून ठेवतो?

राग रास्त कसा, ते आधी पाहू. जानेवारी 2008मध्ये केडीई या लिनक्स डेस्कटॉपची 4.0 आवृत्ती आली. ती सगळ्यांसाठी अजून तयार नाही, असं करणारेच सांगत होते. तरी लिनक्सच्या काही वितरणांनी ती लोकांच्या पानात वाढून टाकली. तिच्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काजूच्या आकाराचं एक चिन्ह होतं. काजू म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला तरी बरं वाटावं, पण हा काजू काढून टाकायची सोयच नव्हती. शेवटी तो नुसता लपवण्यासाठी कुणा त्रासलेल्या जिवानं वेगळा छोटा प्रोग्राम लिहिला. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून केडीई सोडून ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले. तिथे 2011च्या एप्रिलमध्ये ग्नोम 3 अवतरलं. विंडो मिनिमाइज करायचं बटण गेलं. संगणक बंद करायला मेनू उघडावा, तर त्यात फक्त ‘सस्पेंड’. ‘पॉवर ऑफ’ हवं असेल तर मेनू उघडा ठेवून ऑल्ट दाबायचं, मग ते प्रकट व्हायचं. संगणक झोपवणं सोपं आणि बंद करणं ही गुप्तविद्या! टोरवाल्ड्सनी पुन्हा बिऱ्हाड हलवलं, या वेळी एक्सएफसीईकडे. ज्यानं कर्नल लिहिला त्याची ही कथा, तर तुमच्या-आमच्यासारख्यांनी कुणाकडे पाहायचं?

आता जमेची बाजू. 2011मध्ये ज्या ग्नोम 2साठी लोक गळा काढत होते, ते 2002मध्ये आलं तेव्हा त्यालाही शिव्याच पडल्या होत्या. सेटिंगं छाटली, अशी ओरड होती. पण त्याच अपग्रेडबरोबर पँगो नावाची अक्षरं मांडणारी लायब्ररी आली. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ टंकतो, मग वेलांटी; पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरांचा संसार तर त्याहून नाजूक. हे सगळं डेस्कटॉपच्या मेनूपासून फाइलच्या नावापर्यंत नीट दिसावं, ही सोय अशा तळातल्या कामातून आली. आज मराठी फाइलनाव सरळ दिसतं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. तीच गत पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीची. जुनी एक्स11 पद्धत 1987ची. तिच्यात एका विंडोत टंकलेला पासवर्ड शेजारच्या प्रोग्रामला सहज वाचता येतो. वेलँडनं ही खिडकी बंद केली आणि लॅपटॉपचा बारीक ठिपक्यांचा पडदा व जुना मॉनिटर यांची वेगवेगळी मापं सांभाळणंही सोपं केलं. किंमत म्हणून सुरुवातीला ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर केली की समोरच्यांना काळोख दिसे. तो काळोख सगळ्यांच्या लक्षात आहे. चोरीला न गेलेला पासवर्ड कुणाच्याच नाही.

यावर कुणी म्हणेल, चालतंय ते चालू द्यावं, उगाच हात कशाला लावायचा? अडचण एवढीच, की तुम्ही जागचे हलला नाहीत तरी खालच्या लायब्ररी आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढे जातात, आणि पाच वर्षांनी एकदम उडी मारावी लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: मोडतोड खरंच अटळ असते का? नसते. ग्नोमची एक्स्टेन्शन्स थेट डेस्कटॉपच्या पोटात शिरून काम करतात, त्यामुळे आतडं हललं की ती मरतात. 2023मध्ये ग्नोम 45 आलं तेव्हा जुनं प्रत्येक एक्स्टेन्शन दुरुस्त करावं लागलं. हा दोष करणाऱ्यांच्या पदरी घालायलाच हवा. पण इथे रागाचंही चीज होतं. ग्नोम 2 पुढे नेणारं मेट आणि लिनक्स मिंटचं सिनॅमन, दोन्ही ग्नोम 3वरच्या नाराजीतून जन्मली. आणि टोरवाल्ड्स? ग्नोम सोडल्यावर दोनेक वर्षांनी, एक्स्टेन्शन्स लावून, ते ग्नोमवर परत आले.

तेव्हा अपग्रेड करा, पण शहाणपणानं. आवृत्तीच्या आकड्यात शेवटी शून्य असेल तर पुढच्या आकड्याची वाट पाहा. होम फोल्डरची प्रत काढा, आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, आणि विवरणपत्र भरायच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका. काही बिघडलंसं वाटलं तर आधी सेटिंग उघडा: केडीईच्या 2024मधल्या प्लाझ्मा 6नं फाइल उघडायला एकाऐवजी दोन क्लिक मागितल्या, तेव्हा बोंब खूप झाली, पण जुनी सवय एका पर्यायात परत मिळत होती. राग पंधरा दिवस राखून ठेवा. त्यानंतरही टिकला, तर तो खरा आहे. मग शिव्या न देता बग नोंदवा.