प्रेशरचा माणूस

नातेवाइकांचं यंत्र बिघडलं की निवृत्त इंजिनियरला मनातून जो आनंद होतो, तो चेहऱ्यावर दिसू न देणं हे मोठं कसब आहे. देवबागला पर्यटकांची बोट चालवणाऱ्या आतेभावाचा फोन आला, ‘दादा, मोटर जोर धरणा नाय.’ मी ‘अरेरे’ म्हणालो, पण तोवर माझा हात माळ्यावरच्या निळ्या पेटीकडे गेला होता. पेटीत फ्युएल प्रेशर गेज होता. काळी तबकडी, लाल काटा, पितळी जोडण्या. मोटर धडधाकट असतानाच मी तो घेऊन ठेवला होता. उमेदीची सगळी वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर गेल्यामुळे प्रेशर या विषयात मला कुणी शिकवू नये अशी माझी समजूत आहे, आणि घरच्यांनी ती जेवण वेळेवर व्हावं म्हणून मान्य केलेली आहे.

लक्षण सरळ होतं. सावकाश चालवली तर मोटर गुणी. थ्रॉटल पुढे ढकलला की धापा टाकायची आणि गप्प व्हायची. देवबागला पोचून मी झाकण काढलं, गेज जोडला, चष्मा पुसला. हळू गतीला काटा 40 पीएसआयच्या आसपास उभा. थ्रॉटल दिला आणि काटा घसरला. ‘लो फ्युएल प्रेशर!’ मी जेटीवरच्या पर्यटकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात निदान जाहीर केलं.

‘ता माका मोटरीन आदीच सांगल्यान,’ आतेभाऊ म्हणाला.

बोटीच्या मोटरीचा विषय निघाला की ओल एव्हिनरुडबद्दल सांगायलाच हवं. (आमच्याकडे हा किस्सा सुरू झाला की मंडळी उठून चहा टाकतात.) अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला हा नॉर्वेत जन्मलेला कारागीर. 1906 च्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या सहलीत बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खावंसं वाटलं, म्हणून हा वल्ही मारत पलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं, अशी कथा सांगतात. त्यातूनच त्याला बोटीला टांगायची मोटर सुचली म्हणे. पुढे बेसशी लग्न झालं, 1909 मध्ये त्याच्या मोटरी बाजारात आल्या. बोटीला मोटर टांगणारे त्याच्याआधीही होते, पण त्यांच्या कथेत आइस्क्रीम नाही. आमच्या हिने देवबागच्या कर्ली नदीपलीकडचं आइस्क्रीम मागितलं असतं, तर मी तिला साखरेचे दुष्परिणाम समजावले असते आणि जग एका शोधाला मुकलं असतं. धंद्याचा हिशेब आणि जाहिराती बेसच बघायची. वल्ही फेकून द्या, असं लोकांना सांगणारी जाहिरात तिचीच. 2020 मध्ये एव्हिनरुड मोटरींचं उत्पादन थांबलं. वल्ही अजून बनतात.

आतेभावाच्या बोटीतही वल्ह्यांची जोडी असते. मी एकदा ‘ही अडगळ कशाला?’ म्हणालो, तेव्हा त्याने नुसतं संगमाकडे बोट दाखवलं. कर्ली जिथे समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असतं आणि समोरून लाटा फुटत असतात. नेमका तिथेच थ्रॉटल द्यावा लागतो, म्हणजे ही मोटर नेमकी तिथेच मरणार. बोटीत कुणाची तरी लहान मुलं असतात. त्या जागी काटा कितीवर आहे याला काडीची किंमत नाही.

तपासणीच्या दुसऱ्या फेरीत आतेभाऊ म्हणाला, ‘तुमचो गेज ऱ्हवांदे. फुगो बघा.’ टाकीकडून येणाऱ्या नळीवरचा, दाबून मोटरीत पेट्रोल चढवायचा तो रबरी फुगा थ्रॉटल देताच चपटा झाला. म्हणजे मोटर पेट्रोल ओढत होती आणि मागून येत नव्हतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. राहिली नळी. त्याने ती सुरीने उभी चिरली. बाहेरून ठणठणीत, आतला थर मात्र सुटून पापुद्र्यासारखा लोंबत होता. ओढ वाढली की तो पापुद्रा वाट बंद करायचा.

मला मात्र त्या नळीपेक्षा पेट्रोलचा राग येतो. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. इथेनॉल पाणी धरतं. खाऱ्या, दमट हवेत पावसाळाभर बंद ठेवलेल्या बोटीच्या टाकीत ते पाणी साठत जाऊन तळाशी बसू शकतं, आणि मोटरीची नळी तळाशीच तोंड लावून असते. जुन्या रबरालाही ते मानवत नाही. निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाडी होती. होडी असती, तर इथेनॉलविरहित पेट्रोलचा एखादा नळ बंदरावर तरी ठेवला असता. फिल्टर, नळ्या आणि बुडालेल्या फेऱ्या, सगळं बोटवाल्याच्या खिशातून जातं.

नवी इथेनॉल सोसणारी नळी बसली. मी गेज पुन्हा जोडला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पूर्ण थ्रॉटलला काटा जागेवर. ‘तुमचो गेज काय म्हणता?’ आतेभावाने विचारलं. विचारायची त्याला गरज नव्हती, मोटर ऐकू येत होती. त्याने विचारलं, एवढ्यावर माझा मुक्काम सुखाचा झाला.

तेव्हा वाचकहो, देवबागला बोटीत बसाल तेव्हा सेल्फीआधी लाइफ जॅकेट घाला, वल्ही आहेत का बघा. आणि बोटवाल्याने निघण्याआधी वाकून रबरी फुगा दाबला, तर ‘मोटर बिघडलीय का हो?’ असं कृपा करून विचारू नका.