मृदुकंदुकाची वारी

“काका, मुलींच्या सॉफ्टबॉलची फायनल आहे, चला,” असे पुतण्या म्हणाला तेव्हा, नावातच मार्दव असलेल्या खेळासाठी डॅलसहून ओक्लाहोमा सिटीपर्यंत दोनशे मैल मोटार हाकणे म्हणजे जाईच्या गजऱ्यासाठी बैलगाडी जुंपणे होय, असे माझे ठाम मत होते. परंतु परमुलुखात पुतण्याच्या घरी उतरलेल्या माणसाच्या मताला तेथल्या मांजराइतकीही किंमत नसल्यामुळे, ४ जून २०२५ रोजी आम्ही उभयता निमूटपणे मागच्या आसनावर विराजमान झालो.

अंतिम फेरीतले दोन्ही संघ, टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास टेक, एकाच टेक्सासचे, आणि सामना शेजारच्या प्रांतात! भाऊबंदकीचा तंटा शेजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन तोडण्याची ही रीत पाहून मला गावाची फार आठवण झाली. रेड नदी ओलांडताना पुढच्या मोटारीवर, भगव्याशी सोयरीक सांगणारा नारिंगी झेंडा फडफडत होता. सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले.

पारदर्शक पिशवीखेरीज अन्य पिशवी आत नेण्यास मनाई असल्याचा नियम मी वाचलेला नव्हता. सबब चिवड्याच्या पुरचुंडीसह माझी खादीची झोळी मोटारीत परत पोचती करून मी डेव्हन पार्कच्या त्या तेरा हजारांच्या जनसागरात धापा टाकीत दाखल झालो.

१८८७ साली शिकागोत, मुष्टियुद्धाचा हातमोजा आवळून बांधून झाडूच्या दांड्याने टोलवताना या क्रीडेचा जन्म झाला, तेव्हा चेंडू मऊ असेलही. आजचा बारा इंच घेराचा तो पिवळाजर्द गोळा मात्र नावाशी पुरता बेइमान आहे. ४३ फुटांवरून टेक्सास टेकची नायजारी कॅनडी रहाटासारखा हात गरगर फिरवून तो कमरेखालून सोडी, आणि झेलणारीच्या हातमोज्यात असा फटाका वाजे की माझेच तळहात हुळहुळत. तिच्याशी दहा लाख डॉलरांहून अधिक रकमेचा करार झाला आहे, असे पुतण्याने सांगताच सौभाग्यवतींनी, कॉलेजात मला मिळालेल्या नादारीचा विषय काढला. आपली पाळी नसलेल्या मुली मात्र कठड्याशी उभ्या राहून टाळ्यांच्या ठेक्यावर अखंड गात होत्या. हत्ती तेवढा मध्ये ठेवायचा राहिला होता, बाकी भोंडलाच.

सहाव्या डावात टेक्सास टेक एका धावेने पुढे असताना टेक्सास विद्यापीठाची रीस ॲटवूड फलंदाजीस आली. नको असलेल्या पाहुण्याला सुपारी देऊन वाटेला लावावे तद्वत, चार चेंडू मुद्दाम लांब टाकून तिला फुकटात पहिल्या बेसवर पाठवण्याचे ठरले. “आता काही घडायचं नाही, काका,” पुतण्या अधिकारवाणीने म्हणाला. तीन चेंडू त्याच्या म्हणण्याबरहुकूम गेलेही, म्हणून मी चष्मा काढून धोतरासारखा प्रशस्त रुमाल शोधू लागलो. चौथा चेंडू हवा तितका लांब गेला नाही. ‘टण्’ असा आवाज झाला, सारे प्रेक्षागृह उभे राहिले, आणि चष्मा नाकावर चढेपर्यंत दोन धावा निघून गेल्या होत्या. टेक्सास विद्यापीठाने सामना त्याच २–१ या फरकाने जिंकला.

परतीच्या दोनशे मैलांत तो टोला नेमका कसा बसला, हे सौभाग्यवतींनी मला सहा वेळा समजावून सांगितले. शेवटच्या दोन वेळा, चिवड्याच्या पुरचुंडीवरून हात फिरवीत, अभिनयासह.