हवालदाराच्या बढतीबाबत

प्रति,
मा. कास्टिंग डायरेक्टर साहेब,
आरामनगर, वर्सोवा, अंधेरी (पश्चिम).

विषय : हिंदी चित्रपटांतील मराठी हवालदाराची रखडलेली बढती.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, मुलुंड पूर्वेचा एक रहिवासी, तिकीट काढून सिनेमा बघणारा, आपणांस नम्रपणे कळवू इच्छितो की, आपल्या आस्थापनेवरील एका जुन्या कर्मचाऱ्यावर सेवाज्येष्ठतेच्या बाबतीत घोर अन्याय होत आहे. अर्ज जाहीर करतो आहे, कारण आपल्याकडे येणाऱ्या फोटोंच्या आणि बायोडेटांच्या गर्दीत तो दिसणार नाही.

प्रकरण असं. 1975 साली दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला. त्यात अशोक सराफ सखाराम हवालदार होते. 2011 साली तुमच्याकडचा ‘सिंघम’ आला. त्यात अशोक सराफ हेड कॉन्स्टेबल. इंग्रजी हुद्दा ऐकून आम्हाला वाटलं, चला, उशिरा का होईना, साहेबांनी मनावर घेतलं. चौकशी केल्यावर कळलं की दोन्ही एकच. म्हणजे 36 वर्षं नोकरी आणि फीत तीच. मधल्या काळात या माणसाने मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’तला धनंजय माने केला, आणखी कितीतरी केलं. त्याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात कुठेच नाही.

इन्स्पेक्टरची भरती तुमच्याकडे पहिल्यापासून वेगळ्या खिडकीवर. जगदीश राज 144 चित्रपटांत इन्स्पेक्टर झाले, गिनीज बुकात नोंद झाली. बेड्या घालायचा हुकूम त्यांचा, घालणारे हात आमचे. त्या हातांची मोजदाद करायला गिनीजवाले आले नाहीत.

अपवाद एक, शिवाजी साटम. 1998 साली ‘सीआयडी’त एसीपी म्हणून रुजू झाले. 2018 साली मालिका थांबली तेव्हाही एसीपीच. 20 वर्षं दर आठवड्याला खून उकलून माणूस डीसीपी होत नसेल तर खात्यात काहीतरी गडबड आहे. गंमत म्हणजे सराफ आणि साटम, दोघंही आधी बँकेत होते. तिथेच चिकटून राहिले असते तर दोघंही मॅनेजर होऊन, रीतसर नारळ-शाल घेऊन निवृत्त झाले असते.

आईच्या खात्यात मात्र तुमची बढती झटपट होते, हे मान्य केलं पाहिजे. ‘वास्तव’मध्ये (1999) रीमा लागू संजय दत्तच्या आई होत्या. त्यांचा जन्म 1958चा, चिरंजीवांचा 1959चा. आणि लक्ष्मीकांत बेर्डे, ज्याच्या नावावर इकडे थिएटरं भरायची, तो तुमच्याकडे ‘मैंने प्यार किया’त नोकर आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये, पाच वर्षांच्या अनुभवानंतर, पुन्हा नोकर.

आता ताजी घटना. आमच्या इमारतीतला एक मुलगा मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो पकडून वर्सोव्याला ऑडिशन द्यायला येत असतो. एकांकिका स्पर्धांत घासून निघालेला पोरगा. हिंदी इतकं स्वच्छ की नुक्ते जागच्या जागी. परवा हवालदाराची भूमिका होती. याचे वडील खरेच पोलीस हवालदार. त्यामुळे हा निर्धास्त गेला आणि त्याने वडील उभे केले. हवालदाराचं निम्मं आयुष्य लिहिण्यात जातं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. स्टेशन डायरी, पंचनामे, समन्सच्या नोंदी, कोर्टात न्यायच्या मुद्देमालाच्या याद्या. त्यामुळे वाचायचा चष्मा खिशात, बोलणं हळू, समोरच्याचं नाव दोनदा विचारून स्पेलिंग पक्कं करायची सवय, आणि बंदोबस्तात तासन् तास उभं राहिल्यामुळे एका पायावर भार टाकून उभं राहणं. पोराने सगळं हुबेहूब केलं.

कॅमेऱ्यामागचा तुमचा मदतनीस म्हणाला, “भाई, पुलिसवाला नहीं लग रहा. क्लर्क लग रहा है. थोड़ा मराठी टच दो.”

“सर, मैं मराठी ही हूँ.”

“हाँ, पर दिख नहीं रहा ना.”

मग पोराने पोट पुढे काढलं, गालात तंबाखूचा बार धरल्यासारखं तोंड केलं, ‘मुझको’चं ‘मेरेको’ केलं आणि मांडी खाजवली. लगेच फिट. भूमिकेला संवाद एकच आहे, “जी, साब.” त्यातल्या ‘जी’ला मराठी टच कसा द्यायचा, याची तालीम सध्या आमच्या जिन्यात चालू आहे. वडील नाइट करून आले की वरून ओरडतात, “अरे, झोपू दे!”

तुम्ही म्हणाल, पांडू तर तुमचाच. हवालदाराची टिंगल आधी तुम्हीच केलीत, ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये केलीत, सिनेमात केलीत. केली, साहेब. पोट धरून हसलो. पण पांडू त्या सिनेमाचा नायक होता. गाणी त्याची, पारू केळेवालीवर जीव त्याचा, फजितीही त्याचीच. तुम्ही त्याची टोपी आणि दांडका उचलून नेलात, माणूस इथेच विसरलात. तुमचा हवालदार दाराशी उभा असतो. त्याला आडनाव असलं तर तेही साहेबाने हाक मारण्यापुरतं. तो मरोळच्या पोलीस कॅम्पात राहतो की बदलापूरहून येतो, त्याची बायको कुठे नोकरी करते, मुलगी दहावीला आहे की नाही, काही म्हणून कळत नाही. शिफ्ट संपली की तो जातो कुठे?

आणि हे जमत नाही असंही नाही. 1983 साली गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’ काढला. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला अनंत वेलणकर सब-इन्स्पेक्टर आहेच, पण त्याला बाप आहे, पोलिसातून निवृत्त झालेला, आणि त्या बापाची लहानपणापासूनची दहशत आहे. घर दाखवलं म्हणून वर्दीतला माणूस कळला. भूमिका केली पंजाबी ओम पुरींनी, तरी आम्हाला परका वाटला नाही. त्याच वर्षी सई परांजप्यांनी ‘कथा’तला चाळकरी राजाराम जोशी नसीरुद्दीन शहांकडून करून घेतला. ‘मराठी टच’ची मागणी तिथे कुणी केल्याचं दिसत नाही. आडनावावरून हटून बसायचं आम्हाला काही कारण नाही, हे यावरून लक्षात यावं.

टीव्ही मालिकेतल्या, गोरेगावच्या गोकुळधाम सोसायटीतल्या भिडे मास्तरांचं तेवढं बरं चाललंय. चिकटपणा, शिकवण्या, सखाराम नावाची स्कूटर, बायकोचा लोणची-पापडांचा धंदा, सगळा साचा पुरेपूर. पण मालकीचा फ्लॅट आहे आणि वर सोसायटीची सेक्रेटरीगिरी. उपनगरात याहून मोठी बढती नसते.

शेजाऱ्यांच्या बाबतीत आमचाही हिशेब मी दडवत नाही. आमच्या मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात मराठी प्रयोग होतात तसे गुजरातीही होतात. गुजराती नाटकातला मराठी गडी मोडकंतोडकं गुजराती बोलतो आणि प्रेक्षागृह हसतं. आमच्या नाटकात गुजराती शेठ येतो, पैसे मोजतो, लुंगीतला अण्णा येतो, ‘अय्यो’ म्हणतो, आणि तेच प्रेक्षागृह तितकंच हसतं. दोन्हीकडचे लोक मध्यंतरात एकच बटाटेवडा खातात आणि आपली थट्टा निर्मळ असल्याबद्दल दोघांचीही खात्री असते. त्या शेठलाही घर नसतं, हे मला तुमच्यावर चिडल्यावर सुचलं. तेव्हा या अर्जाची एक प्रत आमच्या नाटककारांनाही पाठवतो आहे. तिकडून उत्तर येईल अशी आशा तुमच्याकडून आहे तितकीच.

असो. सविस्तर विचारांती बढतीची मागणी मी मागे घेतो. बढती दिलीत तर तुम्ही त्याला भ्रष्ट इन्स्पेक्टर कराल, तो साचाही तुमच्याकडे तयार आहे. त्याऐवजी त्याला एक साप्ताहिक सुट्टी मंजूर करावी. अडीच तासांच्या सिनेमात एक दिवस. त्या दिवशी कॅमेरा त्याच्याबरोबर घरी पाठवावा.

सुट्टीच्या दिवशी हवालदार काय करतो, हे लिहिणारा लेखक मिळत नसेल तर आमच्या इमारतीत यावं. वर उल्लेखिलेले वडील शनिवारी घरी असतात. मात्र निघण्याआधी फोन करावा; बंदोबस्त लागला तर नसतील.

कळावे,
आपला नम्र,
एक तिकीटधारक,
मुलुंड (पूर्व)