मीटरवर खटला

पोहरादेवीत रामनवमीची यात्रा उठली की दोन गोष्टी हमखास खाली येतात. एक माळ्यावरचा कूलर, आणि दुसरं बिल हातात पडल्यावर घरधन्याचं तोंड. बिलाबद्दल वीज कार्यालयात विचारायला गेलं तर उत्तर ठरलेलं असतं : आधी भरा, मग बोला. तेव्हा आम्ही मनातल्या मनात तांड्याची नसाबच, म्हणजे न्यायपंचायतच, बसवली. नायक आले, कारभारी आले. आरोपी मीटर भिंतीला खिळलेलं, त्यामुळे ते फरार होण्याची भीती नव्हती.

फिर्यादी म्हणाला, "नायक, घरात पंखे दोन, फ्रिज एक. अन् मीटर पाहा, घोड्यावानी पयते!"

मीटर म्हणालं, "मी मोजतो. तुम्ही वापरता ते मोजतो, अन् तुमची भिंत पिते तेही मोजतो."

मग भिंतीची साक्ष झाली. तिच्या पोटात वायरीचे सांधे निघाले, कॅरीबॅग गुंडाळलेले. साल सोललेली वायर ओलीतून किंवा लोखंडी पाइपातून जमिनीला लागली आणि जेमतेम एक अँपिअर गळत राहिला, तर 230 व्होल्टला दिवसाचे साडेपाच युनिट होतात, महिन्याचे 165. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. वर पहिले शंभर युनिट ओलांडले की पुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट. म्हणजे भिंत पिते तेही महागातलं.

कूलरला बोलवायला कोणी धजेना. पत्र्याचा देह, पोटात पाणी, हात लावला की झिणझिण्या. घरात त्यावर उपाय आहे : "चप्पल घालून पाणी भर." वऱ्हाडात अर्थिंग म्हणतात ते हेच, रबरी, निळ्या पट्ट्याचं. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, आणि आपण दुकानात जाऊन नवी चप्पल आणतो.

वायरमन म्हणाला, "अर्थिंगचा खड्डा, कोळसा, मीठ, सारं सांगतलं होतं. मालक म्हणे, तेवढ्या पैशात गेटवर दोन लाइट बसतात."

"अन् ईएलसीबी?"

"सारखी पडे, म्हणून डायरेक्ट करून देली."

"सारखी काऊन पडे?"

हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता. 30 मिलिअँपिअर गळले की पडून वीज तोडायची, एवढंच त्या गरीब डबीचं काम. ते तिनं इमानानं केलं, म्हणून तिची नोकरी गेली.

इतक्यात एक हुशार पाहुणे उठले. न्यूट्रल सोडून अर्थिंगवर बल्ब चालवला तर मीटरला कळत नाही, असा त्यांचा जुना अभ्यास. तो चकतीच्या मीटरबरोबर भंगारात गेला. आताचं मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे बघतं आणि जास्त असेल ते मोजतं.

कार्यालयही सुटलं नाही. रीडिंग न घेता सरासरी बिल पाठवायचं आणि मग एकदम सगळं अंगावर घालायचं, हा गुन्हा वेगळा नोंदवला. वीज कायदा 2003, कलम 56 : पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय लाइन तोडता येत नाही. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं कमी असेल ते निषेध नोंदवून भरलं की निकाल लागेपर्यंत वीज चालू राहते. "आधी भरा" म्हणणाऱ्यांना हे कलम कुठून तरी अर्धंच पाठ झालेलं असतं.

निकाल असा. मेन चालू ठेवून सगळी बटणं बंद करा, प्लग काढा. मीटरचा दिवा तरीही लुकलुकला तर चोर घरात आहे. मेन बंद करूनही लुकलुकला तर मीटर तपासणीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मालकाला दंड : अर्थिंगचा खड्डा आणि नवी ईएलसीबी. वायरमनला दंड : काम पुरं झाल्यावर कूलरमध्ये पहिली बादली त्यानंच ओतायची, अनवाणी.